पेटंट परवाना

पेटंटची मालकी स्वतःकडे ठेवून, त्या शोधाचे उत्पादन, वापर किंवा विक्री करण्याची मुभा दुसऱ्याला करारान्वये देणे म्हणजे पेटंट परवाना. मराठी परिभाषेत पेटंटला ‘एकस्व’ असा शब्द आहे. दुकानाचा परवाना सरकार देते. हा परवाना शोधाचा मालक देतो. पेटंट कायमचे विकणे हा वेगळा व्यवहार. भारतात दोन्हींना पेटंट कायदा, १९७० लागू होतो आणि पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते.

कल्पना आहे पण कारखाना उभारायला भांडवल नाही, अशा शोधकासाठी हा मार्ग मोलाचा. समजा, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारागिराने कंद धुण्याचे नवे यंत्र काढले व त्याचे पेटंट मिळवले. हळदीसाठी त्याचा परवाना तो सांगलीच्या एका उत्पादकाला, तर आल्यासाठी साताऱ्याच्या दुसऱ्याला देऊ शकतो. एकच शोध, दोन पिके, दोन करार. मोबदला बहुधा सुरुवातीची ठोक रक्कम आणि पुढे प्रत्येक यंत्रामागे रॉयल्टी असा ठरतो.

अनन्य, म्हणजे फक्त एकालाच हक्क देणारा, परवाना दिला की ते यंत्र मालकालाही बनवता येत नाही; नक्कल करणाऱ्यावर दावा लावण्याचा हक्कही परवानाधारकाला मिळतो. परवाना घेऊन उत्पादकाने काहीच बनवले नाही, तर शोधक अडकून पडतो. म्हणून अनन्य करारात दरवर्षीची किमान रॉयल्टी आणि ती न भरल्यास परवाना रद्द करण्याचे कलम असलेच पाहिजे.

आपल्याकडे बरेच व्यवहार शब्दावर होतात. पेटंटच्या बाबतीत शब्द पुरत नाही: परवाना लेखीच लागतो (कलम ६८) आणि पेटंट नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. सांगली व सातारा जिल्ह्यांसाठी हे काम मुंबईच्या पेटंट कार्यालयात होते. नोंद नसलेला दस्त पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्याने (नियंत्रकाने) किंवा न्यायालयाने खास मुभा दिल्याशिवाय पुरावा म्हणून चालत नाही. रॉयल्टीचा दर बाहेर कळू नये असे वाटत असेल, तर कराराच्या अटी गोपनीय ठेवण्याची विनंती करता येते. पेटंट दोघा भावांच्या नावावर असेल आणि त्यांच्यात वेगळा करार नसेल, तर एकट्याला परस्पर परवाना देता येत नाही. दुसऱ्याची संमती लागते.

काही अटी कायद्यालाच मान्य नाहीत. पेटंटमध्ये न येणाऱ्या इतर वस्तूही माझ्याकडूनच घ्या किंवा पेटंटच्या वैधतेला आव्हान देऊ नका, असे बंधन घातले तर ते कलम १४० नुसार निरर्थक ठरते. शेतीच्या पद्धतीला तर पेटंटच मिळत नाही. तासगावच्या बागायतदाराने द्राक्षछाटणीची नवी रीत शोधली, तरी तिचा पेटंट परवाना देता येणार नाही.

मालकाच्या इच्छेविरुद्धही परवाना निघू शकतो. पेटंट मिळून ३ वर्षे झाल्यावर, वस्तू लोकांना परवडणाऱ्या दरात मिळत नसेल तर सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. भारतातला असा पहिला परवाना मार्च २०१२ मध्ये बायरच्या सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला मिळाला.

पेटंट जिवंत ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण शुल्क लागते. ते कोणी भरायचे हे करारात लिहून घ्यावे. शुल्क थकून पेटंट बंद पडले, तर ते यंत्र कोणीही बनवू शकतो.