टीआयची खुली फेरी: दार कुणी उघडलं, कुणी लोटलं

डोटा २ या पाच-पाच जणांच्या संघांनी संगणकावर ऑनलाइन खेळायच्या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे 'द इंटरनॅशनल'. खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसती 'टीआय'. तिच्या खुल्या पात्रता फेऱ्या बहुतेक वेळा मे-जूनच्या आसपास पडतात, म्हणजे गोव्यात ऐन मिरगाच्या तोंडावर. पहिल्या सरीबरोबर लाईट जाते, लाईटबरोबर वायफाय जातं, आणि राऊटर इन्व्हर्टरवर घेतलेला नसेल तर चौघे हेडफोनवर ओरडत असताना पाचवा काळोखात बसलेला असतो. इथल्या पोरांना 'क्वालिफायर कसा गेला' म्हणून विचारलं, तर निकालाच्या आधी हवामान ऐकावं लागतं.

खुली फेरी म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. पाच जण जमवायचे, संघाला नाव द्यायचं, नोंदणी करायची. कुणाची शिफारस लागत नाही, मागची कामगिरी कुणी विचारत नाही. सुरुवातीच्या फेऱ्या 'बेस्ट ऑफ वन', एक सामना हरला की गाशा गुंडाळायचा. यातून शेवटी उरलेले मोजके संघ प्रादेशिक पात्रता फेरीत जातात. तिथे आयोजकांनी निमंत्रण दिलेले संघ वाट बघत असतात. त्यांना हरवलं तर मुख्य स्पर्धा.

गोंयकाराला ही व्यवस्था फार समजवावी लागत नाही. इंटरवाडा फुटबॉल ज्यानं पाहिलाय, त्याला वाड्याचा संघ कसा उभा राहतो हे ठाऊक असतं. आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेतले अ गट आणि ब गट तर घरोघरी माहीत. फरक एवढाच की ब गटात गावच्या मंडळासमोर एकदम मुरलेले व्यावसायिक नट उभे ठाकत नाहीत. टीआयच्या खुल्या फेरीत मात्र तसं घडू शकतं. तुम्ही गंमत म्हणून नाव घातलेलं असतं, आणि दुसऱ्याच सामन्यात समोर असा खेळाडू येतो ज्याचे व्हिडिओ बघून तुम्ही खेळ शिकलात.

ही पद्धत डोटापेक्षा खूप जुनी आहे. १९८० साली अटारी कंपनीनं अमेरिकेत 'स्पेस इनव्हेडर्स'ची स्पर्धा घेतली. वेगवेगळ्या शहरांत प्रादेशिक फेऱ्या झाल्या, दहा हजारांहून अधिक लोक खेळले आणि न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत रिबेका हाइनमन जिंकल्या. पुढे त्या नावाजलेल्या गेम प्रोग्रॅमर झाल्या. पण त्या काळी पात्रता फेरीसाठी त्या शहरात स्वतः जावं लागे. घरबसल्या पात्र होण्याची सोय झाली ती इंटरनेटमुळे. १९९७ साली 'क्वेक' या खेळाची 'रेड अॅनिहिलेशन' नावाची स्पर्धा झाली. सुमारे दोन हजार जण ऑनलाइन खेळले, त्यांतल्या सोळांना अटलांटाच्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या मेळ्यात समोरासमोर बसवलं, आणि डेनिस फाँग जिंकला. बक्षीस काय, तर 'क्वेक'चा निर्माता जॉन कारमॅक याची स्वतःची लाल फेरारी. 'आधी सगळ्यांना ऑनलाइन खेळू द्या, मग निवडकांना मंचावर आणा' हा आजचा साचा तिथे जवळजवळ तयार दिसतो.

त्यानंतरच्या दशकात 'वर्ल्ड सायबर गेम्स'नं दुसरी वाट रूढ केली. देशोदेशी राष्ट्रीय फेऱ्या घ्यायच्या आणि विजेत्यांना देशाच्या नावानं पाठवायचं, ऑलिम्पिकसारखं. भारतातही त्या फेऱ्या होत. हा सायबर कॅफेंचा काळ. तासाला पैसे मोजून, पडदा लावलेल्या खोक्यात बसून खेळायचं आणि मागे रांगेतला पुढचा गिऱ्हाईक घड्याळ दाखवायचा. 'वॉरक्राफ्ट ३' या खेळावर हौशी लोकांनी रचलेला मूळचा डोटा आपल्याकडे पसरला तो याच कॅफेंतून. कुणी विकत घेतला नव्हता, कुणी जाहिरात केली नव्हती.

म्हणून २०११ साली जे झालं ते थोडं विचित्रच म्हणायचं. हौशी लोकांच्या या खेळातून व्हॉल्व्ह कंपनीनं डोटा २ तयार केला आणि जर्मनीतल्या कोलोन शहरात पहिली टीआय भरवली. एकूण बक्षीस १६ लाख डॉलर, त्यांतले १० लाख एकट्या विजेत्याला. असा आकडा तोवर या जगात कुणी ऐकला नव्हता. युक्रेनच्या नाटुस व्हिन्सेरे संघानं चीनच्या ईहोमला ३-१नं हरवलं. पण सोळाच्या सोळा संघ निमंत्रित होते. सायबर कॅफेत वाढलेल्या खेळाचं लग्न लागलं, आणि कॅफेवाल्यांनाच पत्रिका नाही!

दार हळूहळू किलकिलं झालं. २०१३ साली पूर्व आणि पश्चिम अशा दोन पात्रता फेऱ्या आल्या. त्याच वर्षी 'कम्पेंडियम' नावाची डिजिटल पुस्तिका विकायला काढली आणि तिच्या विक्रीतला पाव हिस्सा बक्षिसात घालायचं ठरलं. म्हणजे रक्कम प्रेक्षकांच्या खिशातून वाढू लागली. २०१४ला ती १ कोटी डॉलरच्या वर गेली आणि २०२१ला ४ कोटींवर पोचली. लोकांच्या पैशावर एवढी मोठी झालेली स्पर्धा लोकांना पूर्ण बंद ठेवणं अवघड होतं, असं माझं मत. २०१४पासून प्रादेशिक फेऱ्यांच्या खाली खुल्या फेऱ्या दिसू लागल्या.

मागच्या दारानं आलेले संघ नुसती खोगीरभरती नसतात, हे लगेच कळून आलं. २०१५ साली चीनचा सीडीईसी हा संघ 'वाइल्ड कार्ड'च्या शेवटच्या फटीतून आत शिरला आणि थेट अंतिम फेरीत पोचला. तिथे इव्हिल जिनियसेसकडून हरला, पण साडेअठ्ठावीस लाख डॉलर घेऊन घरी गेला. २०१६ला फिलिपिन्सचा टीएनसी पात्रता फेरीतून आला आणि त्यानं ओजी या बलाढ्य युरोपीय संघाला २-०नं बाहेर काढलं. आग्नेय आशियातल्या सायबर कॅफेंत त्या दिवशी काय झालं असेल, ते सांगायला नको.

तोच ओजी दोन वर्षांनी स्वतः खुल्या फेरीच्या रांगेत उभा राहिला. ही गोष्ट मला जरा सावकाश सांगायची आहे, कारण खुल्या फेरीचं नाव काढलं की प्रत्येक जण हिचाच दाखला देतो.

२०१८च्या उन्हाळ्यात ओजीतले दोन मुख्य खेळाडू, त्यांत संघ उभारणाऱ्यांपैकी एक, संघ सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेले. नियम असा होता की ठरल्या मुदतीनंतर संघ बदलला तर थेट निमंत्रणाची आशा सोडायची आणि तळापासून यायचं. योहान सुन्डस्टाइन ऊर्फ नोटेल उरला. प्रशिक्षक म्हणून बसलेला सेबास्तियान देब ऊर्फ सेब खेळाडूच्या खुर्चीत आला. जेरॅक्स होताच. विश्रांतीवर गेलेला ऑस्ट्रेलियाचा अॅना परतला. आणि पाचवा म्हणून फिनलंडचा टॉपसन घेतला, ज्यानं मोठ्या मंचावर एकही स्पर्धा खेळलेली नव्हती. हा संघ युरोपच्या खुल्या फेरीत उतरला, म्हणजे तिथल्या कुठल्याही पाच पोरांसमोर. तिथून प्रादेशिक फेरी, तिथून व्हँकूव्हर. अंतिम फेरीत चीनच्या पीएसजी-एलजीडीविरुद्ध ते १-२नं मागे होते. पुढचे दोन्ही सामने जिंकून ३-२. विजेत्याचा वाटा १ कोटी १२ लाख डॉलर. पुढच्या वर्षी शांघायमध्ये त्याच पाच जणांनी पुन्हा टीआय जिंकली. तोवर कुणाला दोनदा जमली नव्हती.

या गोष्टीचा अर्थ मात्र जरा जपून लावायला हवा. ओजी काही मळ्यातून उठून आलेले शेतकरी नव्हते. मुरलेले व्यावसायिक होते, नियमाच्या कचाट्यात सापडून खाली आले होते. खुल्या फेरीतून वर जाणारे पुष्कळदा असेच असतात: मोडलेल्या संघातले जुने लोक किंवा निमंत्रण हुकलेले नवे. उरलेले शेकडो संघ पहिल्या दोन फेऱ्यांत बाद होतात. पण ओजीला तळापासून येण्याची ही वाट मोकळी होती, हेही खरं. निमंत्रण देणाऱ्याचा अंदाज चुकला तर तो दुरुस्त करायची सोय म्हणजे खुली फेरी.

पुढे हे दार पुन्हा लोटलं गेलं. २०२१पासून तीन हंगाम प्रादेशिक लीग चालली. प्रत्येक प्रदेशात दोन डिव्हिजन, प्रत्येकीत आठ संघ. टीआयची मुख्य वाट या लीगमधून जाऊ लागली आणि खुली फेरी प्रामुख्यानं दुसऱ्या डिव्हिजनच्या पायरीवर जाऊन बसली. याला वाईट म्हणावं का? संघांना वर्षभर सामने मिळत होते, तेवढी स्थिरता होती. याच सुमारास 'यलो सबमरीन' या नावानं खेळणाऱ्या पोरांना टीम स्पिरिटनं २०२०च्या डिसेंबरात करारबद्ध केलं, आणि २०२१ला बुखारेस्टमध्ये त्यांनी टीआय जिंकली. त्यांचा खेळाडू यातोरो तेव्हा १८ वर्षांचा होता. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉल्व्हनं लीगच गुंडाळली. २०२५च्या हॅम्बर्गच्या टीआयसाठी सोळा जागा ठरल्या होत्या: आठ निमंत्रणाच्या, आठ पात्रता फेऱ्यांच्या. निम्मं-निम्मं. टीम फाल्कन्सनं चीनच्या एक्स्ट्रीम गेमिंगला ३-२नं हरवून ती जिंकली.

आता आपल्याकडे वळू. डोटाच्या नकाशावर भारत आग्नेय आशियात मोडतो. म्हणजे आपले संघ फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड यांच्याबरोबर एकाच रांगेत, आणि सामने सहसा सिंगापूरच्या सर्व्हरवर. मनिलाच्या पोराला सर्व्हर शेजारच्या अंगणात असतो, डिचोलीच्या पोराला समुद्रापल्याड. 'पिंग' म्हणजे बटण दाबल्यापासून सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंतचा वेळ. तो थोडा जरी वाढला तरी चकमकीत पहिला वार दुसऱ्याचा होतो. भारतीय संघ टीआयच्या मुख्य मंचावर अजून पोचलेला नाही. एंटिटी ही भारतात सुरू झालेली संस्था २०२२ला सिंगापूरच्या टीआयमध्ये दिसली, पण तिचे खेळाडू युरोपातले होते.

तरी रिकाम्या हातांचाच इतिहास आहे असं नाही. एप्रिल २०१९मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन' ही डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. गोव्यातून कोकणकन्येनं रात्री निघालं की सकाळी मुंबई, त्यामुळे इथल्या खेळाडूंना आपले देव पहिल्यांदा हाताच्या अंतरावर दिसले. ऑगस्ट २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या पहिल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स (म्हणजे व्हिडिओ गेमच्या) स्पर्धेत भारताच्या डोटा संघानं न्यूझीलंडला २-०नं हरवून कांस्यपदक आणलं. कर्णधार मोईन एजाझ, सोबत केतन गोयल, अभिषेक यादव, शुभम गोळी आणि विशाल वेर्णेकर. शेवटचं आडनाव वाचून इथे पुष्कळांचे कान टवकारले. वेर्णें गावचं नाव आडनावात असलेला माणूस कुठलाही असो, गोंयकार त्याला अर्धा आपला धरतोच.

एक डागही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळाच्या स्पर्धेत भारतातल्या एका संघाचा खेळाडू भर मंचावर चीट, म्हणजे फसवणुकीचं सॉफ्टवेअर, वापरताना पकडला गेला. संघ बाद झाला आणि संस्थेनं तो मोडीत काढला. त्यानंतर भारतीय संघ ऑनलाइन फेरीत चांगला खेळला की समोरचे संशयानं बघत, अशी तक्रार कितीतरी खेळाडूंनी केली. खुली फेरी घरून खेळली जाते, शेजारी पंच नसतो. एकानं खोटेपणा केला की त्याचं व्याज सगळ्यांना भरावं लागतं.

गोव्यात मात्र 'गेमिंग' हा शब्द घरादारात पोचला तो डोटामुळे नव्हे, मोबाइलवरच्या पबजीमुळे. फेब्रुवारी २०१९मध्ये तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रोहन खंवटे यांनी या खेळाला घराघरांतल्या राक्षसाची उपमा दिली, बंदी नको पण निर्बंधाचा कायदा हवा असं म्हटलं. ज्या राज्यात कॅसिनोची जहाजं मांडवीत राजरोस तरंगतात तिथे राक्षस नेमका मोबाइलमध्येच दिसावा, यावर तेव्हा बरीच थट्टा झाली. सप्टेंबर २०२०ला केंद्रानं पबजीवर बंदी घातली. जुलै २०२१ला तोच खेळ 'बीजीएमआय'च्या नव्या अंगरख्यात आला, जुलै २०२२ला पुन्हा गायब झाला, मे २०२३ला पुन्हा प्रकटला. याच खेळानं भारताला खुल्या फेरीची खरी सवय लावली. २०२१च्या १ कोटी रुपये बक्षिसाच्या मालिकेत कुणीही चार जण नोंदणी करू शकत होते, आणि त्यांतून १,०२४ संघ पुढच्या फेरीसाठी निवडायचे होते. संगणक नको, कॅफे नको, फोन पुरे.

डिसेंबर २०२२ला केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे खेळ एका बाजूला केले, त्यांवर बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. घरातल्या वडीलधाऱ्यांना हा फरक पटवताना पोरांना आता निदान एक सरकारी कागद दाखवता येतो. त्याच नोव्हेंबरात हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. २०६ जण बादफेरी खेळले, आणि पहिल्या तिघांना कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा मिळाली. तीही एक पात्रता फेरीच, फक्त तिला कुणी 'टाइमपास' म्हटलं नाही.

टीआयसाठी नाव घालणाऱ्या इथल्या संघांची अडचण कायद्याची नाही, माणसांची आहे. बहुतेक जण मोबाइलवर गेले, त्यामुळे डोटा खेळणारे चार मिळतात आणि पाचव्यासाठी घोडं अडतं. मग कधी सावंतवाडीचा कुणी, कधी बेळगावचा, कधी कारवारचा. कारवारचा असला तर एक काळजी जास्त. पाऊस दक्षिणेकडून चढत येतो, म्हणजे त्याची लाईट आपल्याआधी जाते.