कोस्टा देल सोलला येताय ना, मग डोंगरातली गावंही बघा

कोस्टा देल सोल म्हणजे स्पेनचा दक्षिणेकडचा समुद्रकिनारा. आमच्या स्पेन टूरचा कार्यक्रम बघून बरेच जण विचारतात, समुद्रकिनाऱ्याची टूर आहे ना, मग एक अख्खा दिवस डोंगरात कशाला? म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात मालागा शहरातून. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे बंदर, मग रोमन आले, मग मुस्लिम राजवट, आणि १४८७ मध्ये इसाबेला राणी आणि फर्नांडो राजा या ख्रिश्चन जोडप्याने वेढा घालून जिंकलं. खाली रोमन थिएटर आहे, ते १९५१ ला सापडलं, आणि त्याच्या डोक्यावर अल्कासाबा हा ११व्या शतकातला किल्ला. आत गेल्यावर कमानींचे खांब जवळ जाऊन बघा हं, त्यातले काही चक्क रोमन आहेत, खालच्या थिएटरचेच उचलून वर लावलेत.

पण हरलेल्या मुस्लिम लोकांचं पुढे काय झालं हे कळायला डोंगरातच जावं लागतं. नेर्हा या किनाऱ्यावरच्या गावापासून जेमतेम ६-७ किलोमीटरवर फ्रिहिलियाना. पांढरीशुभ्र घरं, अरुंद चढणीच्या गल्ल्या, पायाखाली छोटे गोटे बसवून केलेली नक्षी. फोटो सगळेच काढतात, पण भिंतींवरचे टाइल्सचे फलक सोडू नका प्लीज. जबरदस्तीने ख्रिश्चन केलेल्या मुस्लिमांनी, म्हणजे मोरिस्को लोकांनी बंड केलं, १५६९ ला गावामागच्या डोंगरावर मोठी लढाई झाली, ते हरले, त्याची गोष्ट त्या फलकांवर क्रमाने लिहिलेली आहे. आम्हाला तर अख्ख्या टूरमधली हीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

तिथून पुढे आर्चेस. अगदी छोटं गाव, पण तिथल्या चर्चचा घंटेचा मनोरा म्हणजे मुळात १४व्या शतकातला मशिदीचा मिनार, विटांची जाळीदार नक्षी अजून शाबूत आहे.

आणि ऊस! अरबांनी इकडे ऊस आणला आणि फ्रिहिलियानातल्या जुन्या वाड्यात अजूनही काकवी बनते, हो आपली काकवीच. नेर्हाजवळचा चार मजली कमानींचा जलसेतू दिसेल, तोही १९व्या शतकात साखर कारखान्याला पाणी न्यायला बांधलेला. जेवताना तळलेली वांगी आणि वर काकवी नक्की मागवा, शाकाहारी मंडळींची चांगली सोय होते.

गुडघेदुखी असेल तर आधी सांगा, पायऱ्या खूप आहेत, तुमच्यासाठी खालच्या भागातच फिरायची सोय करू. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार असतं त्यामुळे फ्रिहिलियाना आम्ही संध्याकाळी ठेवतो. बूट चांगल्या ग्रिपचे घाला, गोटे घसरतात.