हेलसिंकी ते टोकियो: अंतर तेच, तास वेगळे

फिनलंडची राजधानी हेलसिंकी ते टोकियो हे हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. २०२२ च्या सुरुवातीपर्यंत फिनएअर या फिनिश कंपनीचं विमान ते साडेनऊ-दहा तासांत पार करत असे. आता त्याच प्रवासाला तेरा तासांच्या आसपास लागतात. विमानं तीच आहेत, वेगही तोच आहे. मधलं रशियाचं आकाश मात्र बंद झालं आहे, आणि तेही दुसऱ्यांदा.

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहत्‌वृत्ताचा, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा, कंस. गोलावर दोरा ताणून पाहिलं, तर युरोपातून जपानला जाणारा हा कंस सायबेरियावरून जातो. शीतयुद्धात सोव्हिएत संघाची हवाई हद्द पाश्चात्त्य कंपन्यांना बहुतांशी बंद होती. त्यामुळे विमानं दक्षिणेकडून, अनेक थांबे घेत जायची. १९५७ मध्ये एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाजवळून अलास्कातल्या अँकरेजला आणि तिथून टोकियोला जाणारी सेवा सुरू केली. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, म्हणून जायरोस्कोप (फिरत्या चाकाच्या आधारे दिशा धरून ठेवणारं यंत्र) आणि खास आखलेल्या चौकटींच्या नकाशांवर दिशा ठरवावी लागे. तरीही पन्नासेक तासांचा प्रवास बत्तीसवर आला. पुढे कित्येक वर्षं युरोप-जपान प्रवासात इंधनासाठी अँकरेजला उतरणं ठरलेलंच होतं.

हद्दींचा हा प्रश्न किती जीवघेणा होता, ते १ सप्टेंबर १९८३ ला दिसलं. अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं मेली. प्रवासाच्या तासांचा हिशेब मांडताना ही माणसं विसरता कामा नयेत, असं मला मनापासून वाटतं.

त्याच वर्षी फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकी-टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली होती. तीही सोव्हिएत हद्द टाळून, ध्रुवावरून. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सायबेरियाची वाट सर्रास वापरात आली. पूर्व आशियाला जाण्याच्या जवळच्या वाटेवरचं युरोपीय विमानतळ म्हणून हेलसिंकीचं महत्त्व वाढलं ते यामुळेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झालं. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपली हद्द बंद केली आणि रशियाने तसंच उत्तर दिलं. चिनी कंपन्यांची विमानं आजही रशियावरून उडतात, त्यामुळे युरोप-चीन प्रवासात त्यांचे तास कमी भरतात. फिनएअरपुढे दोन वाटा उरल्या: दक्षिणेकडून तुर्कस्तान, कझाकस्तान, चीनमार्गे किंवा उत्तरेकडून अलास्का आणि ध्रुवाजवळून. त्यांतली कोणती घ्यायची, हे ठरवताना त्या दिवशीचे वारे पाहिले जातात. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे झोतवारे (जेट स्ट्रीम) दक्षिणेच्या वाटेने टोकियोकडे जाताना पाठीशी असतात आणि परतताना तोंडावर येतात. म्हणून टोकियोहून निघालेलं विमान बऱ्याचदा उत्तरेकडे वळतं.