‘ब्रॉडवे’ (१९२९): मागची खोली आणि पुढचा हॉल

गँगस्टर, नाचणाऱ्या पोरी आणि चोरटी दारू हा मसाला पुढे हॉलिवूडने इतका वापरला की त्या काळाला आता जुन्या फोटोसारखी तपकिरी झाक आली आहे. ‘ब्रॉडवे’ या सिनेमाला ती नाही. तो पडद्यावर आला १९२९ मध्ये, आणि अमेरिकेतली दारूबंदी उठली १९३३च्या डिसेंबरात. सिनेमात दिसणारा धंदा तेव्हा बाहेर रस्त्यावर जोरात चालू होता.

‘दारूबंदी’ या शब्दाने मात्र मराठी वाचकाची थोडी फसगत होते. आपल्या डोळ्यांपुढे येतो तो १९४९चा मुंबईचा कायदा, ज्यात पिणाऱ्यालाच परमिट लागतं. अमेरिकेत १९२०पासून दारू बनवणं, विकणं आणि वाहून नेणं यांवर बंदी होती. नुसतं पिणं हा त्या कायद्याने गुन्हा नव्हता. त्यामुळे गिऱ्हाईक बिनधास्त आणि मालक टांगणीला. गिऱ्हाइकाने जिंजर एल आणि बर्फ मागवायचा, त्याचे अवाच्या सवा पैसे मोजायचे आणि टेबलाखाली खिशातली चपटी उघडायची. न्यूयॉर्क राज्याने तर बंदीच्या अंमलबजावणीचा स्वतःचा कायदा १९२३ मध्येच मोडीत काढला. उलट शहराने १९२६ मध्ये गाणं-नाचणं चालणाऱ्या जागांना परवाना सक्तीचा केला. म्हणजे दारूकडे काणाडोळा आणि नाचावर नजर! हा परवाना रद्द व्हायला २०१७ उजाडलं.

त्याच १९२६च्या सप्टेंबरात मूळ नाटक रंगमंचावर आलं. त्याचे ६०३ प्रयोग झाले. पॅराडाइज नाइट क्लबच्या मागच्या खोलीत ते सगळं घडतं. दाराआड बँड वाजतोय, पोरी घाईघाईने पोशाख ठाकठीक करून पुढे पळताहेत, आणि तेवढ्यात एक दारूतस्कर आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाठीत गोळी घालतो. प्रेक्षकाला क्लबचा दर्शनी भाग दिसतच नाही. नाटकाची सगळी गंमत त्या न दिसण्यात होती.

स्टुडिओने नेमका तोच भाग दाखवायचं ठरवलं. आणि दाखवायचा तर केवढा! छत नजरेत मावत नाही, भिंतींवर कोनाकोनांची नक्षी, नाचाची फरशी एखाद्या रेल्वे स्टेशनच्या हॉलएवढी. इतक्या अवाढव्य जागेत कॅमेरा फिरवायला स्वतंत्र क्रेन बांधली. तिचा खर्च ७५,००० डॉलर सांगतात. दिग्दर्शक हंगेरीचा, शिक्षणाने डॉक्टर, सिनेमात येण्याआधी न्यूयॉर्कच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत नोकरीला, आणि पुढे सिनेमा सोडून मानववंशशास्त्राकडे गेलेला. अशा माणसाला मागच्या खोलीत कोंडून ठेवणं अवघडच होतं.

या निर्णयावर तेव्हाही नाकं मुरडली गेली आणि आजही मुरडली जातात. आक्षेप साधा आहे: नाटकातला क्लब फुटकळ होता, तिथला नायक दुय्यम दर्जाचा, फुशारक्या मारणारा नाच्या होता. त्याला राजवाड्यात उभं केलं की त्याची धडपड खोटी वाटू लागते. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी पटतो. संवादाचे प्रसंग सुरू झाले की पात्रं रांगेत उभी राहून बोलतात, आणि नाटकाची लय हरवते.

पण दुसरी बाजू तितकीच खरी. बोलपट नुकते आले होते. घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून कॅमेरा खोक्यात बंद करून ठेवत. जो तो खिळल्यासारखा बसलेला असताना हा कॅमेरा टेबलांवरून झेपावतो, नाचणाऱ्यांच्या डोक्यावरून छताकडे चढतो, परत खाली येतो. सुरुवातीला टाइम्स स्क्वेअरच्या छोट्या प्रतिकृतीवरून एक अंग चमकणारा राक्षसी पुरुष हसत हसत मद्य ओतत चालतो, तो प्रसंग आजही दचकवतो. कथेचं नुकसान झालं, सिनेमाचं नाही, असं माझं मत. ती क्रेन पुढच्याच वर्षी ‘किंग ऑफ जॅझ’ या रंगीत संगीतपटालाही कामी आली.

शेवटाबद्दल कमी बोललं जातं. मारल्या गेलेल्या गुंडाची प्रेयसी त्या खुन्याला गोळी घालते, आणि सगळं ओळखून असलेला डिटेक्टिव्ह आत्महत्येची नोंद करून मोकळा होतो. १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडच्या सेन्सॉर-संहितेचा अंमल कडक झाल्यावर खुनी बाईला असं सोडून देणं जवळजवळ अशक्य होतं. १९२९ मध्ये मात्र त्या प्रसंगानंतर दोन रंगी टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत फिल्मवर, नाचगाणं सुरू होतं.

त्या वेळी पुष्कळ थिएटरांत आवाजाची यंत्रणा नव्हती, म्हणून याची मूक आवृत्तीही काढली. ज्यात गाणीच ऐकू येत नाहीत असा हा संगीतपट तेव्हा लोकांनी तिकीट काढून पाहिला.

१९४२ मध्ये त्याच स्टुडिओने ही गोष्ट पुन्हा काढली. या वेळी एकेकाळी न्यूयॉर्कच्या क्लबांत खरोखर नाचलेला नट स्वतःच्याच नावाने पडद्यावर येतो, जुन्या क्लबच्या जागी उभा राहतो आणि ‘त्या दिवसांची’ हकिगत सांगायला लागतो. मधे जेमतेम १३ वर्षं गेली होती.