डेटाबेस प्रशासकांचे प्रशिक्षण, मुंबई

रिलेशनल डेटाबेस उभारणे, तो चालू ठेवणे, त्याचा बॅकअप घेणे आणि बिघाड झाल्यास माहिती न गमावता तो पूर्ववत करणे, या कामांसाठी संगणक व्यावसायिकांना दिले जाणारे शिक्षण. हे काम करणाऱ्याला सगळीकडे ‘डीबीए’ (डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) म्हणतात. मुंबईत हे शिक्षण महाविद्यालयात थोडे, खासगी क्लासात बरेच आणि नोकरी लागल्यावर रात्रपाळीत सर्वांत जास्त मिळते.

माहिती तक्त्यांत ठेवून त्या तक्त्यांचे परस्परसंबंध गणिती नियमांनी बांधायचे, ही रिलेशनल कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. १९७९ मध्ये ओरॅकल हे डेटाबेस सॉफ्टवेअर बाजारात आले आणि १९८६ मध्ये एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेला अमेरिकी मानक मिळाले. मुंबईत संगणकाच्या कामाचा पाया त्याआधीच पडला होता. अंधेरीतील सीप्झ हे निर्यात क्षेत्र १९७३ चे. जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ चे. हे केंद्र पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाले. अ‍ॅपटेक, एनआयआयटी या संगणक क्लासांच्या पाट्या स्टेशनांबाहेर दिसू लागल्या त्या याच सुमारास.

पण शहरात डीबीएची खरी मागणी निर्माण केली ती शेअर बाजाराने आणि बँकांनी. राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडद्यावरचे व्यवहार १९९४ मध्ये आणि मुंबई शेअर बाजाराचे १९९५ मध्ये सुरू झाले. १९९६ मध्ये एनएसडीएल ही डिपॉझिटरी, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था, आली आणि कागदी शेअर प्रमाणपत्रांची जागा डेटाबेसमधील नोंदींनी घेतली. बँकांच्या शाखाशाखांतील खाती एका मध्यवर्ती प्रणालीत आली, तेव्हा पूर्वी एका शाखेपुरता राहणारा बिघाड अख्ख्या बँकेचा होऊ लागला. फ्लेक्सक्यूब ही बँकिंग प्रणाली बनवणारी कंपनी मुंबईची, आणि ती पुढे ओरॅकलच्याच ताब्यात गेली. इथल्या क्लासांवर ओरॅकलची छाप इतकी गडद का, याचे उत्तर बरेचसे या इतिहासात आहे. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे इतर डेटाबेसही शिकवले जातात, पण ‘डीबीएचा क्लास लावलाय’ असे कोणी म्हटले की ऐकणारा बहुधा ओरॅकलच समजतो.

मुंबई विद्यापीठाच्या संगणक आणि आयटी पदव्यांत डेटाबेस हा विषय असतो. त्यात तक्त्यांची रचना, नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा येऊ नये अशी तक्त्यांची विभागणी) आणि एसक्यूएल येते. प्रशासन मात्र हाताने करून शिकावे लागते, आणि ते ठाणे, दादर, अंधेरी, वाशी अशा स्टेशनांजवळच्या क्लासांत शिकवले जाते. नोकरदारांसाठी शनिवार-रविवारच्या बॅच असतात. क्रम साधारण ठरलेला: लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणे, मेमरी आणि पार्श्वभूमीतील प्रक्रिया समजून घेणे, टेबलस्पेस (तक्ते साठवण्याच्या जागा), वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार, मग बॅकअप आणि रिकव्हरी, शेवटी ट्यूनिंग, म्हणजे वेग वाढवणे. पहिल्या तीन-चार गोष्टी कोणीही शिकवू शकतो. क्लासाचा कस लागतो तो रिकव्हरीत.

चांगला शिक्षक विद्यार्थ्याच्या मशीनवरची एक डेटाफाइल, म्हणजे प्रत्यक्ष माहिती साठवणारी फाइल, मुद्दाम उडवतो आणि डेटाबेस बंद करून पुन्हा चालू करायला सांगतो. डेटाबेस माउंट होतो, म्हणजे अर्धवट चालू होतो, पण उघडत नाही. पडद्यावर ओआरए-०११५७ हा, डेटाफाइल सापडत नसल्याचा, एरर येतो. नवखा घाबरून सगळा डेटाबेस रिस्टोअर करायला घेतो. दहा जीबीच्या सरावात ते खपून जाते; काही टेराबाइटच्या बँकेत तेवढ्यात सकाळ होते. वास्तविक आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप साधनाने ती एकच फाइल परत आणली की पुरते. तीही नुसती आणून भागत नाही. बॅकअप काल रात्रीचा, बाकीच्या फाइली आत्ताच्या. मधल्या वेळेतले बदल आर्काइव्ह लॉगमधून, म्हणजे झालेल्या बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदींमधून, त्या फाइलवर चढवावे लागतात. ते न करता उघडायला गेले की ओआरए-०१११३ हा पुढचा एरर हजर. रिस्टोअर आणि रिकव्हर या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे फळ्यावर कितीही समजावले तरी असे एकदा अडकल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

दुसरा नेहमीचा धडा आर्काइव्ह लॉगची जागा भरण्याचा. डेटाबेस बंद पडत नाही, पण एकही व्यवहार पुढे सरकत नाही आणि फोन खणखणू लागतात. अशा वेळी लिनक्सवर जाऊन जुने लॉग थेट उडवण्याचा मोह होतो. डिस्कवर जागा होते, पण ओरॅकलच्या हिशेबात ती मोकळी धरली जात नाही; शिवाय ते लॉग स्टँडबाय डेटाबेसपर्यंत, म्हणजे दुसरीकडे तयार ठेवलेल्या प्रतीपर्यंत, पोहोचले नसतील तर तोही मागे पडतो. योग्य मार्ग म्हणजे आरमॅनमधूनच लॉगचा बॅकअप घेऊन ते काढणे, किंवा तात्पुरती जागा वाढवून देणे.

उरलेले प्रशिक्षण नोकरीत होते. फ्रेशरला प्रॉडक्शनचा, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसचा, पासवर्ड मिळत नाही. तो एल-१, म्हणजे पहिल्या पायरीचा कर्मचारी, म्हणून अलर्ट बघतो, टिकीट उघडतो, बॅकअप झाला की नाही ते तपासून शिफ्ट संपताना पुढच्याला हँडओव्हर देतो. पॅच (सॉफ्टवेअरमधील दुरुस्ती) लावण्याची परवानगी यायला वेळ लागतो, आणि हे काम शनिवारी मध्यरात्रीनंतरचे असते. रेल्वेच्या मेगाब्लॉकसारखेच, ठरल्या वेळेत रूळ मोकळे करून द्यावे लागतात. (रविवारी सकाळी काम आटोपून डोंबिवलीला परतणाऱ्याला खरा मेगाब्लॉकही भेटतो.) मार्चअखेरीस बँका सहसा कोणताही मोठा बदल होऊ देत नाहीत.

आपत्तीची तयारी हा मुंबईत पुस्तकी विषय नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. २४ फेब्रुवारी २०२१ ला दूरसंचार जोडण्यांतील बिघाडातून राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास थांबले, आणि पर्यायी केंद्रावर कधी जायचे हा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी मार्चमध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामकाने बाजारसंस्थांना महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करण्याचे आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करण्याचे बंधन घातले. त्यामुळे स्विचओव्हर (ठरवून पर्यायी केंद्रावर जाणे), फेलओव्हर (बिघाड झाल्यावर जाणे) आणि डीआर ड्रिल (आपत्तीची रंगीत तालीम) यांचा सराव इथे अनुभवी डीबीएच्या रोजच्या कामाचा भाग झाला आहे. क्लासात मात्र तो बहुतेकदा शेवटच्या रविवारी उरकला जातो.

प्रमाणपत्रांचे महत्त्व टिकून आहे, पण त्यावरचा विश्वास आटला आहे. ओरॅकलच्या ओसीए (असोसिएट), ओसीपी (प्रोफेशनल) आणि ओसीएम (मास्टर) या पूर्वापार चढत्या पायऱ्या; नव्या आवृत्त्यांत प्रशासकांसाठी ओसीए ही पायरी राहिलेली नाही. यातील ओसीएमची परीक्षा प्रात्यक्षिकाची असल्याने तिला वजन आहे. खालच्या परीक्षा मात्र फुटलेल्या प्रश्नसंचांवर, म्हणजे ‘डंप’ पाठ करून, पास होणारे पुष्कळ. म्हणून मुलाखतीत प्रमाणपत्राकडे ओझरते पाहून थेट विचारले जाते: काल रात्रीचा बॅकअप फेल झालाय, आधी काय बघाल?

अ‍ॅमेझॉनचे मुंबईतील क्लाउड केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, तयार डेटाबेस सेवा घेतली की सॉफ्टवेअर बसवणे आणि रोजचा बॅकअप घेणे ही कामे सेवा देणारी कंपनीच करते, त्यामुळे क्लासांचा पहिला महिना निम्म्याने रिकामा झाला. संथ क्वेरी शोधणे, एकमेकांना अडवून बसलेली सेशन सोडवणे, कोणाला कोणते अधिकार द्यायचे ते ठरवणे आणि एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर स्थलांतर ही कामे डीबीएकडेच राहिली. लायसन्सच्या खर्चाला कंटाळून ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर जाणाऱ्या कंपन्यांमुळे स्थलांतराचे काम तर वाढलेच आहे. पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेत लिहिलेले जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे तिकडे चालत नाहीत. ते हाताने बदलावे लागतात, आणि दोन्ही डेटाबेस येणारी माणसे अजून मोजकीच आहेत.