पाटणादेवीच्या रानात शहामृग होते तेव्हा

श्रावणात चाळीसगावहून पाटणादेवीकडे निघालेल्या गाड्या बहुतेक केदारकुंडाच्या धबधब्यासाठी असतात. तेच रान चैत्रात पाहावं. सालई, धावडा उघडेबोडके, काळा दगड तापलेला, ओढे आटलेले. खान्देशचं खरं कोरडं रूप ते.

हे कोरडेपण फार जुनं आहे. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी पाटणे गावाजवळ उत्खनन केलं. अश्मयुगीन दगडी हत्यारांसोबत तिथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली. त्यांतले काही तुकडे घासून मणी केलेले, तर एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. आज रानातलं शहामृग पाहायला आफ्रिका गाठावी लागते. तो उघड्या, रूक्ष गवताळ मुलखातला पक्षी आणि आपल्या सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी तो अंडी घालत होता! मला त्या रेघांचं राहून राहून नवल वाटतं. पोट भरल्यावर कुणीतरी ते कवच फेकून न देता हाती धरून बसलं होतं.

अशा मुलखात पाणी असेल तिथे माणूस टिकतो. डोंगरावर पितळखोऱ्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली गेली, तीही ओढ्याच्या घळीत. पाझरणारं पाणी बाहेर काढायला कारागिरांनी खडकातच वाट कोरली. खाली पाटण, म्हणजे आजचं पाटणे, हे तर भरल्या बाजाराचं गाव होतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दिलेलं दान नोंदलं आहे. संस्कृतानंतर मजकूर ‘इयां पाटणीं’ असा मराठीत वळतो आणि बाजारातल्या उत्पन्नातला मठाचा वाटा सांगतो. हा लेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

पुढे बाजार गेला, रान वाढलं. १८२५ पासून खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने या जिल्ह्यात वाघांची अफाट शिकार केली, आणि घाटाला नाव मात्र त्याचंच राहिलं. १९८६ मध्ये सुमारे २६० चौरस किलोमीटरचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झालं. बिबटे, अस्वलं, नीलगाई टिकून होत्या; वाघ कधीच संपला होता. मार्च २०२१ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला.