पीडीएफमधलं चित्र नेमकं कुठे हरवतं?

मजकूर जागच्या जागी, तक्ते नीट, पानांचे क्रमांकही बरोबर, फक्त चित्राच्या जागी रिकामी चौकट. किंवा चित्र आलंय, पण त्याच्या मागे काळा ठोकळा. प्रोग्रामकडून पीडीएफ तयार करून घेताना हे इतकं सर्रास घडतं की बहुतेक जण एकच उद्योग करत बसतात: जेपीजीची पीएनजी कर, पीएनजीची जेपीजी कर, पुन्हा चालवून बघ. कधी जमूनही जातं, पण का जमलं ते कळत नाही आणि पुढच्या चित्राला पुन्हा तेच. त्याआधी एक प्रश्न निकालात काढायला हवा. चित्र फाइलच्या आत पोचलंच नाही, की पोचलंय पण दिसत नाही?

वेबपानात चित्राचा फक्त पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझर त्या पत्त्यावरून चित्र आणतो आणि दाखवतो. पीडीएफचा हेतूच वेगळा. १९९३ साली अ‍ॅडोबीने हे स्वरूप आणलं ते दस्तऐवज कुठल्याही यंत्रावर सारखाच दिसावा म्हणून. २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झालं. सगळीकडे सारखं दिसायचं तर सगळं सामान सोबतच बांधून न्यायला हवं. त्यामुळे चित्राचे पिक्सेल फाइलच्या पोटात ठेवले जातात आणि त्यांच्याबरोबर एक छोटी नोंद असते: रुंदी किती पिक्सेल, उंची किती, रंगपद्धत कोणती, रंगाच्या प्रत्येक घटकाला किती बिट आणि माहिती कोणत्या रीतीने दाबून भरली आहे.

हे पोट तपासता येतं. पीडीएफ हाताळणाऱ्या पॉपलर या मुक्त साधनसंचातल्या ‘पीडीएफइमेजेस’ या आज्ञेला ‘लिस्ट’ हा पर्याय दिला की आतल्या चित्रांची यादी समोर येते. यादीत चित्र नसेल तर पीडीएफची रचना तपासण्यात वेळ घालवू नये, गडबड त्याआधीच झाली आहे. (आलेख किंवा लोगो रेषांच्या स्वरूपात असेल तर तो या यादीत येत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं.)

चित्र आत पोचत नाही याचं बहुतेक वेळा कारण असतं पत्ता. ‘चित्रे/लोगो.पीएनजी’ असा अर्धा पत्ता दिला तर तो कुठून मोजायचा? आपल्याला वाटतं, ज्या वेबपानाची पीडीएफ करायची त्याची एचटीएमएल फाइल जिथे आहे तिथून. प्रोग्राम मात्र तो ज्या फोल्डरमधून चालू झाला तिथून मोजत असतो, आणि सर्व्हरवर तो फोल्डर भलताच असतो. कधी पत्ता बरोबर असतो आणि आपल्या ब्राउझरमध्ये चित्र दिसतं, पण ते आपण तिथे लॉगिन केलेलं असतं म्हणून. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रामकडे ते लॉगिन नसतं. त्याला चित्राऐवजी ‘प्रवेश नाही’ असं सांगणारं पान मिळतं आणि तो बिचारा तेच पान चित्र म्हणून वाचू पाहतो. काही साधनं डिस्कवरच्या फाइली मुद्दामच उघडत नाहीत. वेबपानाची पीडीएफ करणाऱ्या डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ या साधनाने ०.१२.६ या आवृत्तीपासून ही मुभा आपणहून देणं बंद केलं. ते योग्यच होतं, कारण नाहीतर बाहेरच्या कुणी पाठवलेल्या मजकुरात सर्व्हरवरच्या गोपनीय फाइलीचा पत्ता लपवला तर ती फाइल छापून बाहेर येऊ शकते. शिवाय वेबपानातली काही चित्रं पान खाली सरकवल्यावरच उतरवली जातात. पीडीएफ बनवताना पान कुणी सरकवत नाही.

यावर खात्रीचा तोडगा म्हणजे चित्र बेस६४ या रीतीने अक्षरांत बदलून थेट एचटीएमएलमध्येच घालणं. आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो, पण पत्त्याचा प्रश्नच मिटतो. तसं केल्यावर चित्र दिसलं तर दोष पत्त्याचा होता हे सिद्ध झालं. मग हवं तर पत्ता दुरुस्त करून पुन्हा जुनी पद्धत वापरता येते.

पत्ता बरोबर असूनही चित्र नाकारलं जात असेल तर फाइलच्या नावावर विश्वास न ठेवता तिचे पहिले बाइट बघावेत. पीएनजीच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटमध्ये ‘पीएनजी’ ही अक्षरंच लिहिलेली असतात. वेबपी या वेबवरच्या चित्रस्वरूपात नवव्या बाइटपासून त्याचं नाव सापडतं. वेबपी फाइलला जेपीजी असं नाव देऊन ठेवणारे लोक जगात भरपूर आहेत. पीडीएफला वेबपी किंवा आयफोनचं हाइक स्वरूप समजत नाही, ते आधी बदलूनच घ्यावं लागतं.

जेपीजीचं सगळ्यांत सोपं. पीडीएफला तिची दाबण्याची रीत मुळातच येते, त्यामुळे जेपीजी फाइल जशीच्या तशी आत ठेवता येते. पीएनजीची गोष्ट गुंतागुंतीची आणि, माझ्या मते, या सगळ्या विषयातली सर्वांत रंजक आहे. पीएनजी आणि पीडीएफ दोघांकडे डिफ्लेट ही एकच दाबण्याची रीत आहे, त्यामुळे साधी पीएनजी जवळपास उचलून आत ठेवता येते. पारदर्शकता आली की मात्र हिशेब बदलतो. पीएनजी प्रत्येक पिक्सेलपाशी लाल, हिरवा, निळा आणि चौथा पारदर्शकतेचा आकडा एकत्र ठेवते. पीडीएफला रंग एका चित्रात हवे असतात आणि पारदर्शकता दुसऱ्या, करड्या छटांच्या चित्रात. त्याला मृदू मुखवटा म्हणता येईल. ही सोय पीडीएफ १.४ मध्ये, २००१ साली आली. म्हणजे प्रोग्रामला पीएनजी उघडायची, पिक्सेलन् पिक्सेल वेगळा करायचा आणि दोन चित्रं पुन्हा दाबून भरायची. पारदर्शक चित्रं घातली की पीडीएफ रेंगाळत बनते ती यामुळेच.

काळा ठोकळाही इथलाच. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही रंगाचे आकडे असतातच आणि बरेचदा ते तिन्ही शून्य असतात, म्हणजे काळा. प्रोग्रामने मुखवटा गाळला की तो झाकलेला काळा रंग उघडा पडतो. पारदर्शक पीएनजीची घाईघाईने जेपीजी केली तरी तेच होतं, कारण जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर चित्र आधीच सपाट करून घेतलं की प्रश्न सुटतो. दीर्घकाळ जपण्याच्या दस्तऐवजांसाठी असलेल्या पीडीएफ/ए-१ मानकात तर पारदर्शकता चालतच नाही, तिथे हे करावंच लागतं.

आता दुसरा आजार: यादीत चित्र आहे, पानावर नाही. पीडीएफमध्ये कोणतंही चित्र, मग ते ४००० पिक्सेल रुंद का असेना, एक गुणिले एक एककाच्या चौकोनात बसवलेलं असतं. हे एकक म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. हवा तो आकार द्यायला चित्र काढण्याआधी सहा आकड्यांची एक आज्ञा द्यावी लागते. हाताने पीडीएफ लिहिणारा ती विसरला तर अख्खा फोटो ठिपक्याएवढा होऊन पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात बसतो. खालच्या कोपऱ्यात, कारण पीडीएफ वरून नव्हे, खालून मोजते. वरून मोजायची सवय असलेल्याचं चित्र त्यामुळे उलटं येतं किंवा पानाच्या बाहेर जातं. एका पिक्सेलला एक एकक धरलं तर ६०० पिक्सेलचं चित्र ५९५ एककं रुंदीच्या ए४ पानात मावत नाही. ब्राउझर मात्र इंचाला ९६ पिक्सेल धरतो, म्हणून तिथे तेच चित्र आरामात बसलेलं असतं.

आडवा झालेला फोटो फोनचा असतो. फोन बरेचदा पिक्सेल न फिरवता ‘दाखवताना फिरवा’ अशी नोंद फोटोच्या फाइलीतच, एक्झिफ नावाच्या माहितीत, लिहून ठेवतो. ब्राउझर ती पाळतो, पीडीएफ तिच्याकडे बघतही नाही; पिक्सेल आधी खरोखरच फिरवून घ्यायचे. फोटो निगेटिव्हसारखा दिसला तर तो छपाईच्या चार रंगांतला, सीएमवायके जेपीजी असण्याची शक्यता मोठी. अशा अनेक फाइलींत आकडे उलटे साठवलेले असतात आणि ‘उलटे वाचा’ अशी सूचना पीडीएफमध्ये वेगळी द्यावी लागते.

सगळं नीट दिसतंय, पण फाइल अवाढव्य झाली असेल तर ‘पीडीएफइमेजेस’ची यादी पुन्हा उघडावी. तिथे प्रत्येक पानासमोर चित्राच्या वस्तूचा, म्हणजे फाइलीत साठवलेल्या त्या ऑब्जेक्टचा, क्रमांक दिलेला असतो. २०० पानांच्या अहवालात प्रत्येक पानावरच्या लोगोला तोच क्रमांक दिसला तर चित्र एकदाच साठवलेलं आहे. दर पानाला नवा क्रमांक असेल तर लोगो २०० वेळा भरला गेला आहे. प्रोग्राममध्ये चित्र पानांच्या लूपच्या बाहेर एकदाच उघडायचं आणि आत फक्त त्याचा वापर करायचा.